नियम क्रमांक सहा

"आपल्या घरात संकट आलं ना, तर त्याला आधी दारात वहीत सही करावी लागेल!" असं बारकीचे बाबा छाती पुढे काढून सांगायचे. ऐकणारा हसला की त्यांना राग यायचा, कारण ते विनोद करत नसत.

बाबा रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. महिन्यातून एकदा शिट्टी फुंकायची, साडेतीनशे माणसांना हातातलं काम टाकायला लावून मैदानात रांगेत उभं करायचं, आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं, हे त्यांचं पंचवीस वर्षांचं व्रत. कारखान्यात त्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणत. पंचवीस वर्षांत तिथे एकदाही आग लागली नव्हती. दुसऱ्या कुणी नशिबाचे आभार मानले असते. बाबांनी सगळं श्रेय शिट्टीला दिलं.

बारकी तेरा वर्षांची असताना एकाएकी खंगली, घटाघटा पाणी प्यायला लागली, आणि एक दिवस थेट दवाखान्यात पोचली. टाइप वन मधुमेह. आता रोज चार वेळा इन्सुलिन, जन्मभर. डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या. "साखर वाढली तर आपल्याला वेळ असतो. उतरली तर नसतो. सत्तरच्या खाली गेली की लगेच गोड काहीतरी पोटात जायला हवं. मग पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. फारच उतरली तर ही भलतंसलतं बोलेल, चिडेल, अंगावर येईल. त्यानंतर शुद्ध जाईल. आणि तरीही कुणी काही केलं नाही..."

आई हुंदके देऊन रडायला लागली. बाबांनी खिशातून वही काढली.

त्याच आठवड्यात घरात पहिला सराव झाला! फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटला. रुग्ण: बारकी. निरीक्षक: बाबा. पेय आणि आधार पथक: आत्या. संपर्क पथक: आई. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिकीट खिडकीवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेली, देहाने भक्कम आणि हुकमाची पक्की. ती खालच्याच मजल्यावर राहायची. बाबांनी शिट्टी फुंकली की तिने फ्रिजमधून फळांच्या रसाचा डबा काढून रुग्णाला पाजायचा आणि रुग्ण पडू नये म्हणून धरून ठेवायचं. आईने आतल्या खोलीत दार लावून बसायचं आणि डॉक्टरीणबाईंना फोन करायचा. अर्थात खोटा. बंद फोन कानाला लावून "हॅलो, शुगर लो झालीय, हो, तेरा वर्षांची मुलगी" असं दहा मिनिटं बोलायचं. आई शिवणकाम करायची. त्या दहा मिनिटांत ती एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पडद्यांची शिवण उसवत बसे.

दर वेळी बोट टोचून साखर तपासायची पट्टी वाया घालवायची नाही म्हणून बाबांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. पहिल्या चिठ्ठीवर ‘बेचाळीस’, दुसऱ्या चिठ्ठीवर ‘पंच्याऐंशी’. पहिली वाचली की बारकीने थरथरायचं, दुसरी वाचली की बरं व्हायचं.

आणि बारकी थरथरायची काय, बघत राहावं! शाळेच्या नाटकात तिला आजवर झाडाचं काम मिळालं होतं, पण घरच्या सरावात ती नायिका होती. जीभ जड करायची, डोळे फिरवायची, खुर्चीवरून अशी घसरायची की आत्याच्या तोंडून किंकाळी निघायची. तिसऱ्या सरावात तर तिने कमाल केली. मध्येच किंचाळली, "आई, थांबा सगळे! सराव नाहीये, खरंच लो झालीय!" आई फोन टाकून धावत आली, बाबांच्या हातातली वही पडली. तेव्हा ही बया टुणकन उठून म्हणाली, "फसवलं!"

त्या दिवशी आईने तिच्याशी अबोला धरला. बाबांनी मात्र शांतपणे तक्त्याखालच्या पाच नियमांत आणखी एक ओळ वाढवली. ‘नियम क्रमांक सहा: रुग्ण "खरं आहे" असे म्हणाला तरी सराव थांबवू नये.’

आता तुम्ही म्हणाल, असला नियम कुणी लिहितं का? अहो, बाबांनी लिहिला, त्याखाली तारीख घातली आणि तिघांच्या सह्यासुद्धा घेतल्या. बारकीची सही सर्वांत मोठी आणि सर्वांत झोकदार होती.

तर आता ती पंधरा वर्षांची होती आणि शाळेचं चार दिवसांचं शिबिर डोंगरावर जाणार होतं.

बारकीला त्या शिबिराला जायचं होतं. जायचं होतं म्हणजे, तिचा जीव त्यात अडकला होता! डोंगराचं तिला काही पडलं नव्हतं. तिला चार दिवस असे हवे होते की ज्यात कुणी तिच्या तोंडाकडे बघून "बरं वाटतंय ना गं?" असं विचारणार नाही. दोन वर्षं हा प्रश्न ती दिवसातून वीस वेळा ऐकत होती. सकाळी दात घासताना, अभ्यास करताना, नुसती खिडकीबाहेर बघत असली तरी. गप्प बसली की लो, बोलली की लो, रागावली की हमखास लो. एकदा तिला एका पुस्तकाने रडू आलं, तर आत्याने रस पाजला होता.

बाबांनी अर्ज हातात घेतला आणि दोन अटी घातल्या. "एक, महिनाभर रोजच्या साखरेच्या वहीत सत्तरच्या खाली एकही आकडा दिसता कामा नये. दोन, रविवारी पूर्ण सराव. एकही चूक न होता पार पडला तर त्याच मिनिटाला सही."

"चालेल!" बारकी म्हणाली. "मला काही होत नाही हो हल्ली. मी एकदम फिट आहे."

ही शुद्ध थाप होती. वाढत्या वयात शरीर कुणाचं ऐकत नाही आणि साखर तर मुळीच नाही. त्या महिन्यात ती दर तीन-चार दिवसांनी उतरत होती. बारकी गुपचूप बोट टोचायची, आकडा बघायची, दप्तरातल्या ग्लुकोजच्या गोळ्या चघळायची आणि संध्याकाळी वहीत ‘एकशे चार’ असं सुवाच्य अक्षरात लिहून मोकळी व्हायची. बाबांचा वहीवर गाढ विश्वास होता. लिहिलेलं खोटं असू शकतं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

अडचण एवढीच झाली की गुरुवारी गोळ्या संपल्या. नव्या मागायच्या तर जुन्या कुठे गेल्या, हा प्रश्न आलाच. तीन दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून ती गप्प बसली.

रविवार उजाडला. सही होणार या आनंदात बारकीने दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन पूर्ण टोचून घेतलं आणि जेवण अर्धंच करून उठली. सही डोळ्यांसमोर नाचत असताना घास उतरतो कुणाला! त्यात बाबांनी तिला कामाला लावलं. सरावाला मोकळी जागा हवी म्हणून दिवाणखान्यातलं टेबल, चार खुर्च्या आणि पुस्तकांची खोकी तिने उचलून गॅलरीत नेली. चारला दहा कमी असताना तिच्या ओठांना मुंग्या आल्या.

ती न्हाणीघरात गेली. कडी लावली, बोट टोचलं. अठ्ठावन्न.

इथे कुणीही शहाणी मुलगी बाहेर येऊन म्हणाली असती, "बाबा, लो झालीय." बारकी शहाणीच होती, पण तिच्या डोक्यात त्या क्षणी फक्त अर्ज होता. सांगितलं तर सराव रद्द, अट मोडली, शिबिर गेलं. आणि मग तिला तो बेत सुचला. अरे, दहा मिनिटांत सरावच आहे की! आत्या फ्रिजमधून रसाचा डबा काढून मला पाजणारच आहे! खरी लो झालीय ती खोट्या सरावात बरी होईल, कुणाला पत्ता लागणार नाही, आणि वर अभिनयाची वाहवा! तिला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की ती आरशात बघून हसली. आरशातली मुलगी पांढरीफटक होती, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

बरोबर चारला बाबांनी शिट्टी फुंकली.

"पहिली तपासणी!" त्यांनी चिठ्ठी उघडली. "बेचाळीस! रुग्ण बसला. संपर्क पथक, आत! पेय पथक, चला!"

आईने खोलीत जाऊन दार लावलं. आत्या धाडधाड फ्रिजकडे गेली, डबा काढला, नळी खुपसली आणि बारकीच्या तोंडाशी धरली. बारकीने अधाशासारखी नळी ओढली. एक घोट, दोन घोट, चार घोट.

मग ती थांबली.

"हे पाणी आहे," ती म्हणाली.

"अर्थात पाणी आहे!" बाबा खूश होऊन म्हणाले. "मागच्या सरावात अख्खा रस प्यायलीस, साखर तीनशेच्या घरात गेली. डॉक्टरीणबाईंनी काय झापलंय मला! म्हणून काल बसून सगळे डबे रिकामे केले, पाणी भरलं आणि वरून डिंकाने चिकटवले. बघ, कळतंय का कुठे जोड?"

जोड कुठेही कळत नव्हता. बाबांचं काम सफाईदार होतं.

"सगळे डबे?" बारकीने विचारलं.

"बाराच्या बारा! सरावात भेसळ नको. खरा रस मी कपाटात कुलपात ठेवलाय, खऱ्या वेळेसाठी."

बारकीचे हात कापायला लागले, आणि या वेळी ती ते करत नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "ऐका ना. मी खरंच लो आहे. मघाशी तपासली. अठ्ठावन्न होती."

बाबांनी आत्याकडे बघून भुवई उंचावली. "आकड्यासकट सांगतेय! मागच्यापेक्षा सुधारणा आहे."

"बाबा, शपथ!"

"नियम क्रमांक सहा," बाबा म्हणाले आणि वहीत बरोबरची खूण केली.

बारकी उठली. स्वयंपाकघर सात पावलांवर होतं. तिथे चहाच्या भांड्याशेजारी साखरेचा डबा होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आत्या आधार पथक होती. तिने बारकीला मागून कव घातली आणि जिथल्या तिथे धरलं.

"आत्या, सोड! मला साखर खायचीय!"

"अरे, ही साखर मागतेय. सोडू का?"

"सोडायचं नाही! रुग्णाने हालचाल करायची नसते. दुसरी तपासणी चार पंधराला."

"ऐकलंस ना गं बाळा," आत्या मायेने म्हणाली, "चार पंधराला."

घड्याळात चार वाजून चार मिनिटं झाली होती. बारकीने धडपड केली, आत्याच्या दंडाला चावली. आत्या कळवळली, पण तीस वर्षं खिडकीवरची गर्दी सोसलेली बाई ती, हात सोडते थोडीच! उलट अभिमानाने म्हणाली, "चावली रे! चांगली कडकडून चावली!"

"चावणे," बाबांनी लिहिलं. "नवीन लक्षण. छान."

यानंतरचं बारकीला नीट आठवत नाही. आपल्याला काहीतरी हवं होतं, हे तिला कळत होतं. पांढरं होतं, डब्यात होतं. पण त्याचं नाव काही केल्या सापडेना. आत्याने पकड जराशी सैल केली तेव्हा ती सुटली आणि तरातरा चालत गेली ती थेट चपलांच्या कपाटापाशी. कपाट उघडून तिने एक बूट काढला, आत हात घालून चाचपला, आणि निराश होऊन खाली ठेवला. मग दुसरा काढला. बाबांचा कारखान्याचा जाडजूड बूट उलटा करून ती जमिनीवर आपटायला लागली.

आत्या तोंडावर हात ठेवून हसत होती. "काय करतेय ही कार्टी! अरे, हिला खऱ्या नाटकात का घेत नाहीत?"

"बारकी, रुग्णाने जागेवर बसायचं," बाबा म्हणाले. तरी त्यांच्या आवाजात कौतुक होतं. पोरीने आज जीव ओतलाय, असंच त्यांना वाटत होतं. आपण सही लगेच करायची की दोन मिनिटं ताणून धरायची, याचा ते विचार करत होते.

बारकी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही कोण?" तिने विचारलं.

बाबा हसले.

हे ते पुढे कधीही विसरले नाहीत. मुलीने आपल्याला ओळखलं नाही आणि आपण हसलो.

मग बारकी चपलांच्या ढिगाऱ्यात खाली बसली आणि गप्प झाली. चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. बाबा घड्याळाकडे बघत होते, आत्या दंड चोळत होती, आणि घर एकदम शांत झालं.

ती शांतता आतल्या खोलीत आईला ऐकू आली. आजवरच्या प्रत्येक सरावात शेवटची पाच मिनिटं बारकी गळा काढून रडायची. तिचा तो ठरलेला प्रवेश होता, आणि त्या अंदाजाने आई उसवायचं काम संपवायची. आज रडणं आलंच नाही. आईने दार किलकिलं केलं.

"संपर्क पथक बाहेर का?" बाबांनी विचारलं. "अजून एक मिनिट आहे!"

आई बारकीपाशी वाकली आणि तिच्या मानेवरून हात फिरवला. हात ओला झाला. पाठ, केस, कपाळ, सगळं भिजलेलं, आणि अंग गारठलेलं.

"अहो," आई म्हणाली, "हिला घाम आलाय."

"खोकी उचलली ना तिने—"

"अहो, घामाने निथळतेय पोर! हिचं सोंग नाहीये हे!"

"नियम—"

"चुलीत घाला तुमचा नियम!" आई ओरडली. लग्नाच्या अठरा वर्षांत ती बाबांवर इतक्या जोरात कधी ओरडली नव्हती. "वन्सं, साखर! डबाच आणा!"

आत्या पळाली. तिने आणलेला डबा दारातच अर्धा सांडला. आईने ओल्या बोटाने साखर घेतली आणि बारकीच्या गालात आतून चोळली. बारकीने दात आवळले, मान झटकली, आईला ढकललं. आईने तिला कुशीवर वळवून मांडीत दाबलं आणि पुन्हा बोट घातलं. पुन्हा, पुन्हा. हिरड्यांना चोळत राहिली आणि तोंडाने "गीळ गं माझे आई, गीळ," एवढंच म्हणत राहिली.

बाबांनी साखर तपासायचं यंत्र घेतलं. आजवर त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या होत्या, यंत्र कधीच धरलं नव्हतं. पट्टी उलटी गेली. दुसरी पडली. तिसरी बसली.

चौतीस.

बाबांना एकदम शुद्ध गेली तर साखर वर आणणारं तातडीचं इंजेक्शन आठवलं. ते इंजेक्शन टोचायचा सराव त्यांनी सोफ्याच्या उशीवर अकरा वेळा केला होता. पण खरं इंजेक्शन खऱ्या रसाबरोबर कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली सापडेना! त्यांनी खिसे उलटे केले, खण उपसले, गादी उचलली. शिट्टीसाहेब आपल्याच घरात वेड्यासारखे धावत होते. किल्ली त्यांच्या गळ्यात होती, शिट्टीच्याच दोरीत. शेवटी आत्याने ती बघितली आणि ओढून काढली. दोरीचा वळ मानेवर दोन दिवस राहिला.

कुलूप उघडून इंजेक्शन घेऊन ते आले, तेव्हा बारकीने डोळे उघडले होते. तिने तोंडातली साखर गिळली. मग आईच्या हातातून अजून चाटली. मग खरा रस आला, तो प्याली. इंजेक्शन लागलं नाही. पंधरा मिनिटांनी एकोणसाठ. अजून रस. त्यानंतर ब्याण्णव. या वेळी चिठ्ठी कुणीच काढली नाही.

आईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. खरा फोन. ती इतकी भराभर बोलत होती की बाईंनी दोनदा "जरा सावकाश सांगा" म्हटलं. आज दर दोन तासांनी तपासा, एकटीला सोडू नका, उद्या सकाळी घेऊन या, असं त्या म्हणाल्या.

मग चौघं जमिनीवरच बसली. साखर, चपला आणि पाण्याने भरलेला रसाचा डबा यांच्या मधोमध. चौतीस हा आकडा आईला खरा वाटेना. तिने यंत्र उचललं आणि पुन्हा बघायला म्हणून बटण दाबलं. तिने चुकीचं बटण दाबलं, आणि पडद्यावर चौतीसच्याही आधीचा आकडा आला. अठ्ठावन्न, तीन पन्नास.

"हे काय?" आई म्हणाली. "सरावाच्या आधी?"

बाबांनी यंत्र हातात घेतलं. हे यंत्र आकडे लक्षात ठेवतं, हे त्यांना आजच कळत होतं. ते एक-एक करून मागे जायला लागले.

"गुरुवार, अकरा चाळीस. एकोणपन्नास. कुठे होतीस?"

"गणिताचा तास होता. बाथरूममध्ये गेले."

"एकटी?"

"हो."

"सोमवार. त्रेपन्न."

"जिन्यात. घरी येताना."

"त्याच्या आधी... सत्तेचाळीस?"

"वाचनालय. मागच्या कपाटाशी."

बाबा मागे मागे जात राहिले. एकूण आठ वेळा. प्रत्येक आकड्यानंतर पंधरा-सोळा मिनिटांनी दुसरा आकडा होता, ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. बाबांना हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

"हे सगळं तू केलंस?"

"गोळ्या खायच्या, घड्याळ लावायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं. त्यात काय!"

आत्या बोटं मोजत म्हणाली, "म्हणजे आठ वेळा हिचं हिने निभावलं. आणि आज आपण तिघं हजर होतो, तर ही मरता मरता वाचली!"

ती मुद्दाम बोलली नव्हती. पण बोलून गेली, आणि मग तिलाच ते ऐकू आलं. ती घाईघाईने सांडलेली साखर गोळा करायला लागली.

"बारकी," बाबा म्हणाले, "मी कारखान्यात पहिल्या दिवशी पहिलं वाक्य काय शिकवतो, माहितीय? भोंगा वाजला की तो खराच समजायचा. सराव असेल असं मनातसुद्धा आणायचं नाही. पंचवीस वर्षं शिकवतोय. आणि तू म्हणालीस ‘खरं आहे’, तर मी बरोबरची खूण केली."

"मीच फसवलं होतं ना आधी," बारकी पुटपुटली. "आणि वहीत पण खोटं लिहिलं."

दुपारपासून अर्ज सोफ्यावर पडला होता. सही लगेच करता यावी म्हणून बाबांनी त्यावर पेनही ठेवलं होतं. त्यांनी तो उचलला आणि आज पहिल्यांदा नीट वाचला. विद्यार्थ्यास काही आजार आहे काय? त्यापुढे बारकीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’.

"लिहिलं तर नेत नाहीत," बारकी म्हणाली.

"आणि तिथे डोंगरावर चौतीस झाली असती तर?" आईने विचारलं. "ही दमून झोपलीय म्हणून पोरींनी तुझ्या अंगावर पांघरूण घातलं असतं. आणि सकाळी..."

बारकी रडायला लागली. दोन वर्षांत एवढ्या वेळा रडण्याचं सोंग केलं होतं तिने, पण हे रडणं अगदी वेगळं आणि कुरूप होतं. नाक वाहत होतं, शब्द फुटत नव्हते. "मला फक्त चार दिवस हवे होते," ती म्हणाली. "चारच."

आईने तिला जवळ घेतलं. "बरं वाटतंय ना?" हा प्रश्न तिच्या ओठांवर आला आणि तिने तो महत्प्रयासाने परत गिळला.

बाबांनी ‘नाही’ खोडलं. बाजूला मोठ्या अक्षरात आजाराचं नाव लिहिलं, मग समासात बारीक अक्षरात काय झालं की काय करायचं ते लिहिलं. एवढं झाल्यावर त्यांनी सही केली.

बारकीला खरं वाटेना. "पण... अटी?"

"अटी मी घातल्या होत्या. त्यांची लायकी आज कळली." बाबांनी नाक ओढलं. "उद्या दवाखाना झाला की शाळेत जाऊ. वर्गशिक्षिकांशी तूच बोलायचं, वर्गातल्या पोरींनाही तूच सांगायचं. मी नुसता शेजारी उभा राहीन, तोंड उघडणार नाही. नेलं तर नेलं. नाही नेलं तर... नाही नेलं."

"पोरींनाही?" बारकीचा चेहरा पडला.

"पोरींनाही."

तिने शेजारचा एक बूट उचलून त्याच्या जोडीला लावला. मग "बरं" म्हणाली.

अर्जावर आता एकच रकाना उरला होता. अडचणीच्या प्रसंगी कोणाला कळवावे? बाबा सवयीने स्वतःचं नाव लिहायला गेले आणि पेन कागदावर टेकायच्या आत थबकले. त्यांनी आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग बारकीला विचारलं, "इथे कुणाचं नाव घालू गं?"

"माझं नको हं!" आत्या साखरेच्या ढिगाऱ्यातून म्हणाली.

"आईचं घाला," बारकी म्हणाली.

बाबांनी आईचं नाव घातलं. खाली आणखी एक ओळ रिकामी होती. त्यांनी पेन तिथे नेलं आणि स्वतःचं नाव घालू का, असं नजरेनेच विचारत लेकीकडे बघत बसले.

तिने होकाराची मान हलवली, नाही असं नाही. पण त्याआधी चांगलाच वेळ घेतला!